इंडियानात २०१५ ला सरकार आठवड्यात नमलं, जॉर्जियात २०२५ ला पानही का हललं नाही?

रेवती_इंडी

२०१५ च्या मार्चमध्ये मी इंडियानापोलिसच्या भर शहरातल्या एका हॉटेलात नोकरीला होते. परिषदा, संमेलनं, लग्नं यांचं बुकिंग माझ्याकडे असायचं. लोक फोनवर काय विचारणार हे पाठ झालं होतं: गाडी लावायचे पैसे पडतात का, विमानतळ किती लांब, नाश्ता धरलाय का.

२६ मार्चला, गुरुवारी, गव्हर्नर माइक पेन्स यांनी राज्याच्या धर्मस्वातंत्र्य कायद्यावर सही केली. पत्रकारांना आत घेतलं नव्हतं. या कायद्याच्या आधाराने धंदेवाले समलिंगी गिऱ्हाइकांना नाकारतील अशी भीती होती. शुक्रवारी सकाळी पहिला फोन आला तो शिक्षकांच्या एका गटाचं बुकिंग बघणाऱ्या बाईंचा. ऑक्टोबरातले तीन दिवस, चाळीस खोल्या, सगळं ठरलेलं. त्या म्हणाल्या, "आमच्यात दोन पुरुषांचं एक जोडपं आहे, लग्न झालेलं. ते एका खोलीत उतरले तर तुमच्याकडे कोणी त्यांना परत पाठवणार नाही ना?" मी म्हटलं, अजिबात नाही. "मग तेवढं लिहून द्याल?" लिहून द्यायचा अधिकार मला नव्हता. मी मॅनेजरकडे गेले, त्यांनी वरच्या ऑफिसात फोन लावला, आणि उत्तर काही येईना. सोमवारी संध्याकाळपर्यंत अशा अकरा फोनांची नोंद माझ्या वहीत झाली होती.

त्याच आठवड्यात सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या मार्क बेनिऑफ यांनी जाहीर केलं की आमच्या माणसांना इंडियानात पाठवावं लागेल असे सगळे कार्यक्रम रद्द. अँजीज लिस्ट या कंपनीने शहरातल्या मुख्यालयाचा चार कोटी डॉलरचा विस्तार थांबवला. ३१ मार्चला इंडियानापोलिस स्टार या वर्तमानपत्राचं अख्खं पहिलं पान काळं होतं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत एवढंच, की हे आत्ताच्या आत्ता दुरुस्त करा. २ एप्रिलला दुरुस्तीवर सही झाली. पुरा एक आठवडा.

आता मुद्दा. एप्रिल २०२५ मध्ये जॉर्जियात गव्हर्नर ब्रायन केम्प यांनी त्याच नावाच्या कायद्यावर सही केली. कंपन्या गप्प, संमेलनं गप्प. माझी भाची अटलांटात शिकते, तिला तर असं काही झाल्याचा पत्ताही नव्हता. दहा वर्षांत काय बदललं? आणि तेव्हाचा तो पैशाचा दबाव योग्य होता का? मला तेव्हा फार आनंद झाला होता. आज त्या आनंदाबद्दल मनात शंका आहेत, म्हणून विचारतेय.

गार्गी१२

ताई, कायदा नेमका काय होता? बातम्यांत दोनच गोष्टी वाचल्यात, "धर्म वाचवला" नाहीतर "भेदभावाला परवाना दिला". आणि त्या शिक्षकांच्या बुकिंगचं पुढे काय झालं?

वकीलीण_शिकागो

कायद्याचं मी सांगते, बुकिंगचं रेवतीताई सांगतील.

सुरुवात ओरेगनमधून करावी लागेल. तिथे मूळ अमेरिकी लोकांच्या चर्चचे दोन सदस्य व्यसनमुक्ती केंद्रात नोकरी करत. त्यांनी आपल्या धर्मविधीत पेयोटी नावाचं नशा आणणारं, बंदी असलेलं निवडुंग प्रसाद म्हणून घेतलं. नोकरी गेली, आणि गैरवर्तन ठरवून बेकारभत्ताही नाकारला. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कायदा सगळ्यांना सारखा लागू असेल तर धर्माचं कारण सांगून सूट मागता येणार नाही. यावर डावे, उजवे, चर्चवाले, ज्यू, नागरी हक्कवाले सगळे एकत्र आले. १९९३ चा केंद्राचा कायदा सिनेटमध्ये ९७ विरुद्ध ३ मतांनी झाला आणि क्लिंटन यांनी सही केली. त्यात म्हटलंय की सरकारला एखाद्याच्या धर्माचरणावर मोठा बोजा टाकायचा असेल तर त्याला सबळ कारण हवं, आणि मार्गही कमीत कमी जाचाचा हवा. १९९७ मध्ये न्यायालयाने तो राज्यांना लागू होत नाही असं ठरवलं, मग एकेक राज्य आपला कायदा करू लागलं. आमच्या इलिनॉयने १९९८ मध्येच केला आणि त्याच्या बाजूने मत देणाऱ्यांत तेव्हाचे राज्य सिनेटर ओबामा होते.

मग इंडियानाचंच एवढं का पेटलं? एक, त्यांच्या मसुद्यात "व्यक्ती" म्हणजे कंपनीसुद्धा, आणि सरकार पक्षकार नसलेल्या खाजगी दाव्यातही हा बचाव घेता येईल असं स्पष्ट लिहिलं होतं. दोन, इलिनॉयमध्ये समलिंगी व्यक्तींना भेदभावापासून राज्याच्या कायद्याचं संरक्षण आहे, इंडियानात ते नव्हतं. इंडियानापोलिससारख्या काही शहरांचे स्थानिक नियम होते, बस. तीन, वेळ. ऑक्टोबर २०१४ मध्ये इंडियानात समलिंगी विवाह कोर्टाच्या निकालाने सुरू झाले. पुढच्याच अधिवेशनात हा कायदा आला, दोन सभागृहांत ४०-१० आणि ६३-३१ अशा मतांनी पास झाला. लोकांना अर्थ लावायला वेळ लागला नाही.

पेन्स यांना रविवारच्या मुलाखतीत सरळ विचारलं गेलं, की फुलवाला समलिंगी जोडप्याला या कायद्याखाली फुलं नाकारू शकतो का, हो की नाही. त्यांनी उत्तर दिलं नाही. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान त्या मुलाखतीने केलं.

अण्णा_सोलापूर

एक घोळ आधीच निस्तरतो. आपल्याकडे "धर्मस्वातंत्र्य कायदा" म्हटलं की ओरिसाचा १९६७ चा आणि मध्य प्रदेशचा १९६८ चा आठवतो. ते धर्मांतरावर बंधनं घालणारे कायदे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. म्हणजे तिथे सरकारचा हात धर्माच्या बाबतीत लांब होतो, आणि अमेरिकेतला कायदा सरकारचा हात मागे ओढतो. नाव एक, काम उलटं. मी स्वतः पहिल्या परिच्छेदात फसलो होतो.

कोथरूडकर

मी तेव्हा कोलंबस, इंडियाना इथे होतो. इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीच्या कोथरूड शाखेतून तीन वर्षांसाठी गेलो आणि सात राहिलो. पंचेचाळीस हजारांच्या आसपास वस्तीचं गाव, पण तिथलं वाचनालय नामवंत वास्तुविशारद आय. एम. पेईंनी बांधलेलं, समोर हेन्री मूर यांचं भलंमोठं शिल्प. कमिन्सचे प्रमुख जे. अर्विन मिलर यांनी कंपनीच्या प्रतिष्ठानातर्फे वास्तुविशारदांची फी भरायची योजना काढली, म्हणून मक्याच्या शेतांमध्ये असं गाव उभं राहिलं. आणि माइक पेन्स याच कोलंबसचे! त्यामुळे आमच्याकडे हा वाद घरातला होता.

कमिन्सने कायद्याला उघड विरोध केला. ३० मार्चला नऊ बड्या कंपन्यांच्या प्रमुखांनी गव्हर्नरना पत्र लिहिलं, त्यात औषधं बनवणारी एलाय लिली होती, कमिन्स होती. लोक म्हणतात कंपन्या फॅशन म्हणून बोलल्या. मी कँटीनमध्ये ऐकलेलं सांगतो. आमच्या गटात इंजिनाच्या धुरावर काम करणारी एक अतिशय हुशार मुलगी येणार होती, मिशिगनहून. तिची जोडीदार बाई. तिचं ठरत आलं होतं, घर बघून झालं होतं. त्या आठवड्यात तिने फोन करून विचारलं, "माझ्या बायकोला दवाखान्यात, दुकानात त्रास नाही ना होणार?" आमचा साहेब देवभोळा माणूस, दर रविवारी चर्चला जाणारा. तो फोन ठेवून म्हणाला, "मी तिला काय सांगू? खरं सांगायचं तर मलाच माहीत नाही." शिकागो किंवा बॉस्टनला माणसं आपणहून जातात. कोलंबसला त्यांना आणावं लागतं. गाव लहान असलं की एका बातमीने दार बंद होतं. कंपनीला तो हिशेब अनेक वर्षांपासून ठाऊक होता. २०१४ मध्ये समलिंगी विवाहबंदी राज्यघटनेत घालायचा घाट होता, तेव्हाही कमिन्स विरोधातच उभी होती.

आणि एक गोष्ट नोंदवायलाच हवी. ऑक्टोबर २०१५ मध्ये कोलंबसच्या नगरपरिषदेने समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींना संरक्षण देणारा नियम एकमताने केला. पेन्स यांच्याच गावात. मुलगी आली. अजून तिथेच आहे.

शुभा_कार्मेल

कोथरूडकर, +१. इंडियानापोलिसजवळच्या आमच्या कार्मेलमध्येही त्याच महिन्यात तसा नियम झाला, पण ४-३, एका मताने निभावलं. सभागृहात रात्री उशिरापर्यंत लोक बोलत होते. माझ्या शेजारच्या आजी बोलायला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, माझा नातू या गावात वाढलाय, त्याला परत यावंसं वाटलं पाहिजे. मी तिथे होते. मला भारतात कधी नगरपालिकेच्या सभेला जावंसं वाटलं नव्हतं, इथे गेले.

मनोहर_एडिसन

मी वेगळं मत मांडतो. राग नसावा.

माझा केटरिंगचा धंदा आहे, शुद्ध शाकाहारी. सोवळं नाही, पण माझ्या भट्टीवर मांस शिजणार नाही, ही माझ्या आईला दिलेली कबुली. उद्या कोणी म्हणालं, तू सार्वजनिक धंदा करतोस, माझ्या लग्नात मटणही कर, आणि कायदा त्याच्या बाजूने गेला, तर मी धंदा बंद करीन. म्हणून श्रद्धेला कायद्यात जागा हवी असं म्हणणाऱ्या इंडियानातल्या माणसाकडे मी राक्षस म्हणून बघू शकत नाही. वॉकर्टन नावाच्या छोट्या गावातल्या पिझ्झावाल्यांना एका वाहिनीने विचारलं, त्यांनी सांगितलं की आमच्याकडे समलिंगी माणूस जेवायला आला तर वाढू, पण त्यांच्या लग्नाला पिझ्झा पुरवणार नाही. झालं, धमक्या आल्या, दुकान काही दिवस बंद ठेवावं लागलं. मग दुसऱ्या बाजूच्यांनी आठ लाख डॉलरच्या वर वर्गणी जमवली. त्यांनी तोवर कोणाला काही नाकारलंही नव्हतं, फक्त प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. अशी माणसं पैशाच्या वरवंट्याखाली चिरडायची, हे मला पटत नाही.

वकीलीण_शिकागो

मनोहरकाका, राग मुळीच नाही, तुमचा प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवतो. पण तुम्ही मटण न करणं आणि एखाद्या माणसाला बटाटेवडा न विकणं यांत फरक आहे. काय विकायचं ते दुकानदार ठरवतो. तुम्ही कोणालाच मटण देत नाही, म्हणजे भेदभाव नाही. कोणाला विकायचं हे ठरवायला लागलात की कायदा विचारायला येतो.

अवघड जागा मधे आहे, जिथे विकायची वस्तू म्हणजे शब्द किंवा कला असते. समलिंगी लग्नाचा केक नाकारणाऱ्या कोलोरॅडोच्या केकवाल्याचा सर्वोच्च न्यायालयातला २०१८ चा निकाल त्याच्या बाजूने लागला, पण राज्याच्या नागरी हक्क आयोगाने त्याच्या धर्माशी वैरभावाने वागल्याच्या कारणावरून. २०२३ मध्ये त्याच राज्यातल्या समलिंगी लग्नाची वेबसाइट बनवायला तयार नसलेल्या बाईंच्या बाजूने निकाल ६-३ ने आला, तो भाषणस्वातंत्र्यावर. दोन्ही खटल्यांत राज्याचा असा धर्मस्वातंत्र्य कायदा कामी आला नाही.

माधवी_गिरगाव

या चर्चेत मुंबई आणल्याशिवाय मला राहवत नाही. "काय विकायचं ते मालक ठरवेल, कोणाला ते नाही," हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. २०१२ मध्ये आम्ही भाड्याचं घर शोधत होतो. एजंटने पहिला प्रश्न विचारला, "नॉनव्हेज खाता का?" मी म्हटलं, मासे. तो गाडीतून उतरलाच नाही, तिथूनच म्हणाला, "मग ही बिल्डिंग नको, मॅडम." आपल्याच शहरात, आपल्याच भाषेत बोलताना, बंद काचेआडून. माझ्या यजमानांनी तो विषय हसण्यावारी नेला, मी आजपर्यंत विसरलेले नाही. आणि कोर्टात गेलो असतो तरी काय, २००५ मध्ये पारशी सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सहकारी संस्थेला सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवायची मुभा दिलेली आहे.

म्हणून रेवती, त्या बाईंनी फोनवर "लिहून द्याल?" विचारलं ना, ते मला फार कळलं. दारात जाऊन नकार ऐकण्यापेक्षा आधी विचारून घेणं बरं वाटतं.

मनोहर_एडिसन

माधवीताई, हा अनुभव वाचून थांबलो. माझ्या मुलालाही इथे एका घरमालकिणीने "तुमच्या फोडणीचा वास पडद्यांना लागतो" म्हणून घर नाकारलं होतं. तेव्हा मी फार चिडलो होतो. विचार करतो.

रेवती_इंडी

गार्गी, त्या शिक्षकांनी बुकिंग रद्द केलं. २ एप्रिलला दुरुस्ती झाली, ३ तारखेला आमच्या वरच्या ऑफिसने लेखी उत्तर दिलं, पण तोवर त्यांच्या समितीने दुसऱ्या राज्यातलं शहर ठरवलं होतं.

मला शंका का आहेत ते आता सांगते. हॉटेलातले बहिष्काराचे पहिले चटके कोणाला बसले? खोल्या आवरणाऱ्या बायकांना. आमच्याकडे एक होंडुरासची बाई होती, दोन मुलं, तासावर पगार. मोठं बुकिंग गेलं की वेळापत्रकातून तास उडतात. ऑक्टोबरातल्या त्या तीन दिवसांच्या रकान्यात तिचं नाव होतं, ते खोडलेलं मी पाहिलं. तिने त्या कायद्याला मत दिलं नव्हतं, तिला मतच नव्हतं. आणि इंडियानापोलिसचे महापौर ग्रेग बॅलर्ड, तेही रिपब्लिकन, त्यांनी कायद्याला ठाम विरोध केला होता. शहरात दुकानादुकानांच्या काचांवर "इथे सगळ्यांना सेवा मिळते" असे निळे स्टिकर लागले होते, आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीवालीने तर दारावर, काउंटरवर आणि ओव्हनच्या काचेवरही लावला होता. ज्यांनी कायदा केला त्यांचे मतदारसंघ बहुतेक गावाकडचे. तिथे कोणाची परिषद भरतच नाही, मग रद्द काय होणार? नुकसान त्या शहराचं झालं जे आधीपासून बाजूने होतं. नंतर शहराच्या पर्यटन मंडळाने बाहेरच्या संस्थांना विचारलं तेव्हा बारा संमेलनांच्या निर्णयात या वादाचा वाटा होता असं कळलं, अंदाजे सहा कोटी डॉलरचं काम गेलं.

तळ्यात_मळ्यात

पण ताई, गेलेल्यांत सगळे कायमचे गेले नाहीत हेही सांगा ना. मी दर वर्षी जेन कॉनला जातो. पटावरचे खेळ, पत्ते, फासे यांची अमेरिकेतली सगळ्यात मोठी जत्रा. २०१४ मध्ये छप्पन्न हजारांवर माणसं आली होती. त्यांनी पेन्स यांना सहीच्या आधीच पत्र लिहिलं की सही केलीत तर पुढच्या वर्षांचा विचार करावा लागेल. गव्हर्नरच्या टेबलावर फासे खेळणाऱ्यांचं पत्र! मी ते वाचून घरात ओरडलो होतो. जेन कॉन अजून तिथेच भरते, गर्दी सत्तर हजारांच्या पुढे गेली. आणि सेल्सफोर्सने २०१६ मध्ये त्याच शहरात आठशे नव्या नोकऱ्या जाहीर केल्या, शहरातल्या सर्वात उंच इमारतीवर आता त्यांचं नाव आहे. आपलं घर तिथे होतं म्हणून ते बोलले, आणि दुरुस्ती झाल्यावर परत आले. २०१३ मध्ये तिथली एक्झॅक्टटार्गेट त्यांनी अडीच अब्ज डॉलरला घेतली होती, हजारो माणसं कामाला होती.

कोथरूडकर

तळ्यात_मळ्यात, बरोबर. शिवाय त्या आठवड्याचं वेळापत्रक बघा. ४ एप्रिलला, शनिवारी, ल्युकस ऑइल स्टेडियममध्ये कॉलेज बास्केटबॉलचे अंतिम चार संघ उतरणार होते. कॉलेजच्या खेळांची संघटना एनसीएए, तिचं मुख्यालयही इंडियानापोलिसमध्येच. सगळ्या देशाचे कॅमेरे शहरात येणार, आणि चर्चा बास्केटबॉलची नसून कायद्याची. दुरुस्ती गुरुवारी झाली ती उगाच नाही. इंडियानात बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडे वारी.

शार्लटकर

नॉर्थ कॅरोलिनाचा अनुभव जोडते. आमचा एचबी २ हा धर्मस्वातंत्र्याचा कायदा नव्हता, पारलिंगी व्यक्तींनी कोणतं स्वच्छतागृह वापरायचं यावरचा होता, पण पैशाची गोष्ट तीच. मार्च २०१६. पेपालने शार्लटमधल्या चारशे नोकऱ्यांचं केंद्र रद्द केलं. एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने २०१७ चा ऑल-स्टार सामना न्यू ऑर्लिन्सला नेला. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने हिशेब मांडला, बारा वर्षांत ३.७६ अब्ज डॉलरचं नुकसान. गव्हर्नर मॅक्रोरी नोव्हेंबरात सुमारे दहा हजार मतांनी पडले. मार्च २०१७ मध्ये कायद्याचा मोठा भाग मागे घेतला, आणि तोही बास्केटबॉलवाल्यांनी मुदत दिल्यावर.

माझा नवरा पेपालच्या त्या केंद्रात मुलाखत देणार होता. चारशेतली एक नोकरी आमच्या घरात आली असती. तरी आम्ही दोघं तेव्हा पेपालच्या बाजूने होतो, आजही आहोत. रेवती म्हणते तो चटका आम्ही खाल्लाय, आणि खाऊनही मी म्हणते की बोलायला हवं होतं. जे गप्प बसतात त्यांचंही नुकसान कोणीतरी भरतंच, फक्त त्याचा हिशेब असोसिएटेड प्रेस मांडत नाही.

गार्गी१२

हे शेवटचं वाक्य घेऊन जाते.

अण्णा_सोलापूर

अवांतर: कायदा झाला की तो कोणाच्या हाती जाईल हे करणाऱ्याला कळत नाही. इंडियानात सही झाल्याबरोबर एका गृहस्थांनी गांजाचं चर्च स्थापन केलं आणि गांजा हा आमचा प्रसाद म्हणून कोर्टात गेले. २०१८ मध्ये हरले. पण दुसरं प्रकरण गंभीर आहे. २०२२ मध्ये इंडियानाने गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आणली, तेव्हा ज्यूंच्या एका गटाने आणि इतर काही जणींनी याच २०१५ च्या कायद्याखाली दावा केला: आमच्या धर्मात आईचा जीव आणि आरोग्य आधी, ही बंदी आमच्या धर्माचरणावर बोजा आहे. एप्रिल २०२४ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूचा मनाई हुकूम कायम ठेवला.

वकीलीणबाई, बरोबर ना?

वकीलीण_शिकागो

बरोबर. म्हणूनच मला हा कायदा मुळात वाईट वाटत नाही. पेयोटी घेणारे, पगडी बांधणारे, कृपाण बाळगणारे, आपल्यासारखे थोडे असणारे, यांना त्याची गरज पडते. भांडण त्याच्या शेजारी भेदभावविरोधी कायदा आहे की नाही याचं आहे. इंडियानाच्या दुरुस्तीने एवढंच म्हटलं की या कायद्याचा आधार घेऊन दुकान, घर, नोकरी नाकारता येणार नाही. राज्यभर संरक्षण देणारं विधेयक २०१६ मध्ये आलं आणि सिनेटमध्येच मेलं. कंपन्यांचा जोर दुरुस्तीपर्यंत पुरला, पुढे नाही.

निनाद_अटलांटा

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण मी जॉर्जियातला.

२०१६ मध्ये इथे एचबी ७५७ नावाचं याच धर्तीचं विधेयक आलं होतं. डिस्ने आणि मार्व्हलने सांगितलं, सही झाली तर चित्रीकरण हलवू. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगने सुपर बोल हा आपला अंतिम सामना इथे न देण्याचा इशारा दिला. माझा भाडेकरू तेव्हा सिनेमाच्या सेटवर सुतारकाम करायचा, तो रोज संध्याकाळी विचारायचा, "गव्हर्नरनी काय केलं?" २८ मार्चला गव्हर्नर नेथन डील यांनी नकाराधिकार वापरला. भाडेकरू इतका खूश, की आमच्या स्वयंपाकघरातलं दोन वर्षं लटकणारं कपाट त्या रात्री फुकट बसवून दिलं.

मग २०२५ मध्ये का नाही? माझ्या मते तीन गोष्टी, त्यातली तिसरी महत्त्वाची. मजकूर बदलला होता. समर्थक सांगत राहिले की हा केंद्राच्या कायद्यावर बेतलाय, फक्त सरकारविरुद्ध चालतो. दुसरं म्हणजे वीसच्या वर राज्यांत असे कायदे झालेत, २०२४ मध्ये आयोवा, युटा, त्यामुळे बातमीच उरली नाही. तिसरं, कंपन्यांनी मधल्या काळात मार खाल्ला. २०२२ मध्ये शाळांत समलिंगी विषय शिकवण्यावर बंधनं घालणाऱ्या कायद्यावरून डिस्ने फ्लोरिडाशी भांडली आणि २०२३ मध्ये तिच्या खास प्रशासकीय जिल्ह्याचा ताबा गव्हर्नरनी नेमलेल्या मंडळाकडे गेला. त्याच वर्षी बड लाइटवर उलट बाजूने, म्हणजे परंपरावाद्यांकडून, बहिष्कार पडला आणि सर्वाधिक खपाची बिअर हा तिचा मान गेला. २०१५ मध्ये अर्कान्सासच्या गव्हर्नरना "या विधेयकावर सही करू नका" म्हणणारी वॉलमार्ट, तिनेच २०२४ च्या अखेरीस समावेशकतेचे आपले कार्यक्रम आवरते घेतले. तेव्हा गप्प बसणं महाग पडत होतं, आता बोलणं महाग पडतं. कंपनी तीच आहे, हिशेब उलटला.

आणि जॉर्जियात भेदभावाविरुद्ध राज्याचा सर्वंकष नागरी हक्क कायदा आजही नाही. वकीलीणबाई म्हणतात ती शेजारची खुर्ची आमच्याकडे रिकामीच आहे.

रेवती_इंडी

निनाद, हेच मला ऐकायचं होतं आणि हेच ऐकायची भीती होती. तेव्हा मला वाटलं होतं की लोक आमच्या बाजूला आले. आज वाटतं की बाजार आमच्या बाजूला आला होता, आणि लोक आले की नाही ते मी कधी विचारलंच नाही. कार्मेलच्या सभागृहात उभ्या राहिलेल्या त्या आजी मात्र बाजार नव्हत्या. ४-३ तला तो एक कोणाच्या बोलण्याने फिरला असेल?

शुभा_कार्मेल

ते मला नाही सांगता येणार. पण आजी त्या रात्री माझ्या गाडीतून घरी आल्या. नातू पुढच्या वर्षी परत आला, इथल्याच शाळेत संगीत शिकवतो.

मनोहर_एडिसन

काल रात्री बायकोशी बोललो. आमच्या करारपत्रात एक ओळ घालतोय: जेवण शाकाहारी, पाहुणे कोणीही. मागच्या आठवड्यात दोन मुलींच्या साखरपुड्याची चौकशी आली होती. तारीख घेऊन ठेवली होती, फोन परत केला नव्हता. आज केला. पुरणपोळी हवी म्हणाल्या.

माधवी_गिरगाव

मनोहरभाऊ, कटाची आमटी विसरू नका.

निनाद_अटलांटा

आमच्या मंडळाच्या गणपतीसाठी यंदा नवा हॉल बघतोय. मंडळात दोन मुलगे आहेत, जोडपं, आरतीला पेटी आणि तबला तेच वाजवतात. रेवतीताईंचं वाचून मालकीणबाईंना तोच प्रश्न फोनवर विचारला. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "असं विचारावं लागतं याचं वाईट वाटतं. सगळ्यांना आणा. फक्त कापूर लावायच्या आधी मला सांगा, मागच्या वेळी धुराचा भोंगा वाजला आणि अग्निशामक गाडी आली." लिहून मागितलं. दहा मिनिटांत ईमेल आली. आगाऊ रक्कम भरली.